हांगझोऊ ते झेंजियांग: पांढऱ्या नागिणीच्या मागावर सहा दिवस

या सहलीची तारीख पंचांग उघडून ठरवावी लागते. चिनी आठव्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे त्यांचा मध्य-शरद सण, बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आगेमागे येते. २०२६ साली तो २५ सप्टेंबरला, ऐन अनंत चतुर्दशीला आहे. दोन्हीकडचा अधिक मास वेगवेगळ्या वेळी पडला की हिशेब महिन्याने सरकतो. २०२५ मध्ये हा सण थेट कोजागरीला आला होता. पौर्णिमेनंतर तीन दिवसांनी, चिनी अठराव्या तिथीला, छ्येनतांग नदीत वर्षातली सगळ्यात नावाजलेली भरतीची लाट चढते. म्हणून पौर्णिमेला हांगझोऊ गाठायचे आणि लाट चौथ्या दिवशी पाहायची. १ ऑक्टोबरपासून चीनमध्ये राष्ट्रीय सुटी सुरू होते. सहल त्या आठवड्यात घुसली तर हॉटेल आणि रेल्वे दोन्हींसाठी आधीच हातपाय हलवा.

शांघायहून हांगझोऊ पूर्व स्थानक वेगवान गाडीने तासाभरावर आहे. तिकीट पासपोर्टवर निघते आणि फाटकातून जातानाही पासपोर्टच लागतो. तो स्वयंचलित फाटकावर चालला नाही तर बाजूच्या कर्मचारी असलेल्या रांगेत जायचे. पैशांसाठी अलिपे किंवा वीचॅटला आपले कार्ड घरूनच जोडून घ्या, कारण पडताळणीचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि तो रोमिंगवर अडकला की दुपार वाया जाते.

वाटेतली मुख्य कथा पांढऱ्या नागिणीची. हजार वर्षे तप करून बाईचे रूप घेतलेली बाय सुझन, तिची सोबतीण हिरवी नागीण शियाओछिंग, औषधांच्या दुकानात काम करणारा साधाभोळा शू शियान आणि त्यांचा संसार मोडणारा भिक्षू फाहाय. फंग मंगलोंग याने १६२४ मध्ये छापलेल्या कथेत फाहाय तिला पॅगोडाखाली गाडतो आणि वर एक पद्य सोडून जातो. लोकांच्या तोंडी त्याचा आशय असा: सरोवर आटले, नदीला लाट चढेनाशी झाली आणि पॅगोडा कोसळला, तरच नागीण बाहेर येईल. अशक्य वाटाव्यात म्हणून घातलेल्या या अटी. पण या मुलखात पाण्याशी रोजचा झगडा होता, त्यामुळे त्यांतली एकही तितकीशी अशक्य नव्हती. हे प्रत्यक्ष जागेवर गेल्यावरच उमगते.

पहिला दिवस, पौर्णिमा: पश्चिम सरोवर

दुपारी चारपर्यंत सरोवरावर पोहोचा. सरोवरातून जाणाऱ्या बाय बांधाच्या पूर्व टोकाला ‘तुटका पूल’ आहे. तो तुटलेला नाही. एका कमानीचा, धड आणि सणाच्या दिवशी माणसांनी फुललेला पूल आहे. नाव का पडले याची एक उपपत्ती अशी, की हिवाळ्यात उन्हाच्या बाजूचा बर्फ आधी वितळतो आणि लांबून पाहिले तर पांढरा पूल मध्येच तुटल्यासारखा दिसतो. बाय सुझन आणि शू शियान यांची पहिली भेट इथे झाली. पाऊस आला, त्याने छत्री दिली, मग छत्री परत करण्याच्या निमित्ताने पुढचे सगळे घडले. जुन्या कथेत पावसात भेट आणि उसनी छत्री आहेच. ती भेट या पुलावर पक्की बसवली ती नंतरच्या रंगभूमीने.

सरोवर कसे झाले याचीही कथा आहे. पांढरा ड्रॅगन आणि सोनेरी फिनिक्स यांनी एक दगड घासून घासून त्याचा तेजस्वी मोती केला. स्वर्गातल्या राणीमातेने तो पळवला, ओढाताणीत तो खाली पडला आणि त्याचे सरोवर झाले. भूगर्भशास्त्र सांगते की ही समुद्राची उथळ खाडी होती, नदीच्या गाळाने तोंड बुजले आणि आत पाणी कोंडले. सरासरी खोली जेमतेम सव्वादोन मीटर. असे पाणी आपोआप टिकत नाही. १०९० च्या सुमारास कवी सू दोंगफो इथे अधिकारी असताना त्याने राजदरबाराला लिहिले, की निम्मे सरोवर वनस्पतींनी आणि गाळाने भरले आहे, आणखी वीस वर्षांत ते उरणार नाही. परवानगी मिळताच त्याने गाळ उपसला आणि उपसलेल्या मातीचा पावणेतीन किलोमीटरचा बांध घातला. आज लोक त्यावरून सायकली चालवतात. म्हणजे ‘सरोवर आटले तर’ ही अट लिहिली गेली तेव्हा तशी भीती गावाला ठाऊक होती. आजही पाणी ताजे राहावे म्हणून छ्येनतांगचे पाणी गाळ बसवून सरोवरात सोडतात.

अंधार पडण्याआधी बोटीने ‘तीन कुंडांतला चंद्र’ या बेटाकडे जा. पाण्यात तीन दगडी दीपस्तंभ उभे आहेत, प्रत्येकी दोनेक मीटर उंच, पोटाला पाच गोल भोके. जुना प्रयोग असा: आत दिवा लावायचा, भोकांवर पातळ कागद चिकटवायचा, म्हणजे प्रत्येक भोकाचा पाण्यात एक चंद्र दिसतो. १ युआनच्या नोटेच्या मागे हेच स्तंभ आहेत; नोट समोर धरून फोटो काढणाऱ्यांची बोटीवर रीघ असते. मूळ स्तंभ सू दोंगफोने रोवले ते शोभेसाठी नव्हेत. त्यांच्या आतल्या पाण्यात शिंगाडा लावायचा नाही, अशी ती हद्द होती, कारण शिंगाड्याच्या वेलींनी गाळ वाढतो. सध्याचे स्तंभ नंतरच्या काळातले आहेत.

आजच्या रात्रीची कथा छांग-अची. आकाशात दहा सूर्य एकदम उगवले, पिके जळाली. धनुर्धर होउ यी याने नऊ पाडले. बक्षीस म्हणून पश्चिमेच्या राणीमातेकडून त्याला अमरत्वाचे औषध मिळाले आणि ते त्याची बायको छांग-अ प्यायली नि चंद्रावर गेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, हान काळातल्या ‘ह्वायनानझ’ ग्रंथात सरळ चोरी आहे. पुढे लोकांना हे बोचले असावे. त्यांनी एक दुष्ट शिष्य कथेत आणला आणि औषध त्याच्या हाती लागू नये म्हणून तिने ते गिळले, असे केले. मूनकेकच्या, म्हणजे या सणाच्या सारण भरलेल्या केकच्या, डब्यावर हीच सोज्ज्वळ आवृत्ती असते. मूळ कथा जास्त खरी वाटते: दोघांत एक औषध होते, आणि एकाने ते घेतले. चंद्रावर तिच्या सोबतीला खलबत्त्यात औषध कुटणारा ससा आहे. चंद्रावरचा ससा मराठी पोरांना सांगावा लागत नाही; फक्त आपला ससा काही कुटत नाही.

मूनकेकबद्दल दोन गोष्टी. शाकाहारी असाल तर कमळबियांचे किंवा लाल चवळीसारख्या डाळीचे गोड सारण असलेला मागा आणि त्यात डुकराची चरबी आहे का ते विचारा, कारण पारंपरिक सारणात ती असते. बलकवाल्यात आत खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा पिवळा बलक निघतो. एक केक चौघांत कापतात. अख्खा खाल्ला तर रात्री जेवण जात नाही.

दुसरा दिवस: लेफंग पॅगोडा

सकाळी लवकर आत शिरा. पॅगोडा बाहेरून नवाकोरा आहे आणि आत सरकते जिने, लिफ्ट आहेत, हे पाहून अनेकांचा हिरमोड होतो. पण पाहायचे असते ते तळमजल्याखाली. काचेमागे विटांचा एक ढिगारा आहे. तोच खरा लेफंग.

वूयुए राज्याचा राजा छ्येन छू याने हा दहाव्या शतकात, ९७७ च्या सुमारास, बुद्धाच्या केसाचा अवशेष ठेवण्यासाठी बांधून पुरा केला. सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांच्या स्वारीत लाकडी सज्जे जळाले आणि मधला विटांचा गाभा तेवढा उरला. त्या बोडक्या, लालसर सांगाड्याचेच लोकांना आकर्षण वाटू लागले. विटेची पूड घरात ठेवली तर इडापिडा टळते, मूल होते, रेशमाचे किडे चांगले वाढतात, असा समज पसरला. जो तो तळातून एक वीट काढून नेऊ लागला. २५ सप्टेंबर १९२४ रोजी दुपारी पॅगोडा कोसळला. नागिणीच्या सुटकेची तिसरी अट पुरी झाली, आणि ती पुरी केली गावकऱ्यांनीच, विटेविटेने.

पडल्यावर कळले की काही विटांना मुद्दाम भोके ठेवली होती आणि त्यांत छापील धारणीसूत्राच्या, म्हणजे बौद्ध मंत्रांच्या, गुंडाळ्या खुपसल्या होत्या. सुमारे दोन मीटर लांबीची कागदाची चिंचोळी पट्टी, वर चित्र आणि राजाचा मजकूर: हे सूत्र ८४,००० प्रती छापून या विटांच्या पॅगोडाला अर्पण केले, साल ९७५. ८४,००० हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. सम्राट अशोकाने तितके स्तूप उभारले, ही बौद्ध कथा चीनला पोहोचली होती आणि वूयुएचे राजे अशोकाचा कित्ता गिरवत होते.

२००१ मध्ये पायाखालचे भूमिगत दालन उघडले. लोखंडी पेटीत चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला, सुमारे ३५ सेंटिमीटर उंचीचा ‘अशोक स्तूप’ निघाला. तो आता झेजियांग प्रांतिक संग्रहालयात असतो. संग्रहालयाच्या एकाहून जास्त इमारती आहेत, तेव्हा कुठल्या इमारतीत मांडला आहे हे आदल्या दिवशी पाहून घ्या. सोमवारी बंद. स्तूपाच्या चार बाजूंवर चार जातककथा कोरल्या आहेत. एकीत राजपुत्र भुकेल्या वाघिणीपुढे स्वतःला टाकतो, एकीत राजा डोळे दान देतो, एकीत मस्तक. चौथी शिबी राजाची: कबुतराच्या वजनाइतके मांस मांडीतून कापून देणारा. ही गोष्ट लहानपणी ऐकलेल्या मराठी माणसाला ती काचेपलीकडे चटकन ओळखता येते. कबुतर शोधा, मग तराजू दिसेल.

परत पॅगोडात. वरच्या एका मजल्यावर नागिणीची कथा मोठ्या लाकडी कोरीव फलकांवर मांडली आहे. क्रमाने पाहिले तर कथा शतकानुशतके कशी बदलत गेली तेही कळते. १६२४ च्या कथेत नायकाचे नाव शू श्वान आहे, हिरवी नागीण मुळात एक मासा आहे आणि घाबरलेला नवरा स्वतःच फाहायकडे धाव घेतो, बायकोला कोंडायला मदत करतो आणि शेवटी भिक्षू होतो. बोध उघड आहे: रूपाला भुलू नका. १७७१ मध्ये फांग छंगफेइ याच्या नाटकाच्या सुमारास मात्र पारडे फिरलेले दिसते. आता ती नवऱ्याचा जीव वाचवायला देवांच्या डोंगरावरून औषधी चोरते, त्याच्यासाठी देवळावर पूर आणते, तिला मुलगा होतो आणि तो परीक्षेत पहिला येऊन आईला सोडवतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर रंगभूमीवर शियाओछिंग स्वतः तप करून येते आणि पॅगोडा पाडते. सैतानीण, मग सती-माता, मग बंडखोर. सापाचा अर्थ काळाने ठरवला.

एका फलकावर पाचव्या महिन्याच्या पंचमीचा प्रसंग आहे. त्या सणाला तांदळाच्या दारूत मनशीळ हे खनिज घालून पीत. कारण व्यावहारिक होते: उकाडा आणि पाऊस सुरू होताना साप, विंचू, गोमा बाहेर पडतात. मनशीळ घराभोवती शिंपडत, लहान मुलांच्या कपाळावर लावत. फाहायच्या सांगण्यावरून नवरा ती बायकोला पाजतो, ती अंथरुणात नागीण होते आणि तो धसक्याने मरतो. आता ही दारू फारसे कुणी पीत नाही आणि कुठे ‘पारंपरिक’ म्हणून मिळालीच तर घेऊ नका. मनशीळ हे आर्सेनिकचे संयुग आहे, तापवले की त्याचा आणखी विषारी ऑक्साइड होतो.

रस्त्यापलीकडे जिंगत्स मंदिर. तिथे जी गोंग या वेडसर भिक्षूची विहीर आहे. जी गोंग खराच होऊन गेला, बाराव्या-तेराव्या शतकात, फाटके कपडे, हातात मोडका पंखा, मांस-मदिरा वर्ज्य नाही. मंदिर जळाले तेव्हा त्याने दूरच्या डोंगरातले ओंडके या विहिरीतून एकेक वर काढले म्हणे. कुणीतरी ‘पुरे’ म्हटले आणि शेवटचा ओंडका आतच अडकला. संध्याकाळी पुन्हा पॅगोडाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जायचे असेल तर तिकीट एकदाच चालते का, ते बाहेर पडतानाच विचारून ठेवा.

तिसरा दिवस: भारतातून उडत आलेला डोंगर

लिंगयिन मंदिराच्या आवारासाठी वेळेची आगाऊ नोंदणी करावी लागते. सुटीच्या दिवसांत सकाळच्या वेळा आधी संपतात. प्रवेशाजवळच्या पिवळ्या भिंतीवर चार अक्षरे आहेत, अर्थ साधारण ‘पश्चिमेचा स्वर्ग हातभर अंतरावर’. पश्चिमेचा स्वर्ग म्हणजे बुद्धाचा देश, म्हणजे आपण.

समोरचा फेलायफंग हा ‘उडून आलेला डोंगर’. परंपरा सांगते की ३२६ साली ह्वेली नावाचा भारतीय भिक्षू इथे आला आणि डोंगर पाहून थबकला: हा तर मगधातल्या गृध्रकूटाचा तुकडा, इथे कसा आला? लोकांनी पुरावा मागितला. तो म्हणाला, माझ्या डोंगरात एक काळे आणि एक पांढरे वानर राहत असे. हाक मारली तर दोघे येतील. आणि ते आले. वानरांच्या हाकेची गुहा अजून दाखवतात, ह्वेलीच्या नावाचा छोटा पॅगोडाही ओढ्याकाठी आहे. राजगीरचा गृध्रकूट पाहिलेल्या माणसाला साम्य पटणार नाही. पण कथेला दगडाचा आधार आहे. फेलायफंग चुनखडीचा आहे, भोकाभोकांचा, गुहांनी पोखरलेला. भोवतालचे डोंगर वालुकाश्माचे. हा इथला नाही, असे कुणालाही वाटावे.

दुसरी कथा पुन्हा जी गोंगची. डोंगर आज दुपारी गावावर येऊन पडणार हे त्याला कळले. सांगून कुणी ऐकेना. एका घरी लग्न होते. त्याने नवरी खांद्यावर टाकली आणि पळत सुटला. सगळे गाव काठ्या घेऊन मागे. गाव रिकामे झाले आणि डोंगर पडला. हा पुन्हा उडू नये म्हणून त्यावर पाचशे अर्हत, म्हणजे मुक्ती मिळवलेले भिक्षू, कोरायचे ठरले. प्रत्यक्षातली शिल्पे दहाव्या ते चौदाव्या शतकातली, तीनशेहून अधिक. सगळ्यात मोठा तो पोट सुटलेला, हसरा मैत्रेय. ओढ्याच्या बाजूने गेलात तर तो चुकत नाही.

चुकते ते लोंगहोंग गुहेच्या तोंडाशी असलेले उठावाचे काम: श्वानझांगची तीर्थयात्रा आणि ग्रंथ वाहणारा पांढरा घोडा. हाच श्वानझांग, आपल्या पाठ्यपुस्तकातला ह्युएनत्संग, सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला आणि पुलकेशी राजाबद्दल, इथल्या मानी लोकांबद्दल लिहून गेला. पुढे चिनी लोककथेने त्याच्या सोबतीला सुन वुकोंग हे वानर दिले. शिल्पे झिजली आहेत, सकाळचे तिरपे ऊन असेल तरच कडा दिसतात; ढगाळ दिवशी मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा.

मंदिरात शाकाहारी नूडल्स मिळतात. ‘सू’ म्हणजे शाकाहारी, एवढा उच्चार पाठ करून ठेवा. इतरत्र नुसत्या भाजीवरही मांसाचा रस्सा ओततात.

उतरताना युए फेइचे मंदिर वाटेत आहे. बाराव्या शतकातला हा सेनापती खोट्या आरोपाखाली मारला गेला. अंगणात त्याच्या मारेकऱ्यांचे लोखंडी पुतळे, प्रधान छिन ह्वे, त्याची बायको आणि दोघे साथीदार, गुडघ्यांवर बसवले आहेत. लोक त्यांच्यावर थुंकत. आता तशी मनाई आहे. लोककथेत युए फेइ हा सोनेरी पंखांच्या महापक्ष्याचा अवतार, म्हणजे बौद्ध वाटेने चीनला गेलेला आपला गरुड. बाहेर ‘त्सोंगबाओह्वे’ खाऊन पाहा: पातळ पोळीत तळलेली पिठाची कांडी आणि पातीचा कांदा गुंडाळून तव्यावर दाबून भाजतात. ती कांडी म्हणजे तेलात तळलेला छिन ह्वे आणि त्याची बायको, अशी समजूत. दाबून भाजली नाही तर कांडी वातड राहते, म्हणून आयती भाजून ठेवलेली घेऊ नका.

चौथा दिवस, अठरावी तिथी: यानग्वानची लाट

मेट्रोने लिनफिंग दक्षिण स्थानक, तिथून हांगझोऊ-हायनिंग उपनगरी मार्गाने नदीकाठचे यानग्वान. लाट दुपारी एक-दीडच्या सुमारास येते. नेमकी वेळ स्थानिक प्रशासन आधी जाहीर करते. ती पाहून दोन तास आधी काठावर असा. पौर्णिमेपासून पुढे वेळ रोज चाळीस-पन्नास मिनिटांनी सरकते, हे लक्षात ठेवले तर तारीख चुकली तरी हिशेब लावता येतो. अमावास्येनंतरच्या तीन-चार दिवसांतही चांगली लाट असते आणि गर्दी निम्मीही नसते.

लाट का येते? हांगझोऊ उपसागराचे तोंड सुमारे शंभर किलोमीटर रुंद आहे आणि यानग्वानजवळ नदी दोन-तीन किलोमीटरवर येते. नदीच्या तळाशी वाळूचा मोठा बांध आहे. भरतीचे पाणी या नरसाळ्यात शिरते, खालून वाळू अडवते, मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि उभी भिंत तयार होते. आधी आवाज येतो. मग क्षितिजावर पांढरी रेघ, काठापासून काठापर्यंत सरळ. जवळ आल्यावर ती एक-दोन मीटरची, कधी त्याहून उंच असते आणि नदी उलटी वाहू लागते.

इथला देव वू झशू. बाप आणि भाऊ छू देशाच्या राजाने मारले म्हणून तो वू देशात पळून आला. वाटेत नाकाबंदीपाशी एका रात्रीत त्याचे केस पांढरे झाले. वू राजा फूछाय याला तो वारंवार सांगत होता, की लढाईत हरलेल्या, शेजारच्या युए देशाच्या राजाला जिवंत सोडू नको. राजाने इ.स.पू. ४८४ मध्ये त्याला तलवार धाडली: स्वतःला मार. मरताना तो म्हणाला, माझे डोळे काढून पूर्व वेशीवर टांगा, युएची फौज आत येताना मला पाहायची आहे. चिडलेल्या राजाने प्रेत कातडी पोत्यात घालून नदीत फेकले. तेव्हापासून त्याचा संताप लाट होऊन येतो. युएने वू बुडवले ते इ.स.पू. ४७३ मध्ये. सुझोऊच्या बाजूला पाचव्या महिन्याच्या पंचमीच्या होड्यांच्या शर्यतीही कवी छू य्वानच्या नव्हे, वू झशूच्या स्मरणार्थ मानतात.

हा संताप शांत करायचे दोन मार्ग लोकांनी काढले. एक पूजेचा: गावात १७३० मध्ये बांधलेले सागरदेवाचे भव्य मंदिर आहे आणि त्यात वू झशू हा सोबतीचा देव आहे. दुसरा सोबती छ्येन ल्यू, लेफंग बांधणाऱ्या राजाचा आजोबा. त्याचा मार्ग वेगळा होता. ९१० मध्ये तो समुद्रबांध घालत होता आणि लाट रोज काम उधळून लावत होती. त्याने पाचशे धनुर्धर काठावर उभे केले आणि लाटेवर बाण सोडले. लाट वळली, असे कथा म्हणते. प्रत्यक्षात त्याने बांबूच्या पिंजऱ्यांत दगड भरून ते ओळीने रचले आणि पुढे लाकडी खुंट ठोकले. सुट्या दगडाला लाट उचलते. पिंजऱ्यातल्या दगडांतून पाणी निथळते आणि जोर मोडतो. बाणांनी मजुरांची भीती गेली असेल, पण लाट अडवली ती पिंजऱ्यांनी.

आजचा काठ छिंग राजवटीतला (१६४४–१९१२) ‘माशाच्या खवल्यांचा’ बांध आहे. दगडाचे ठोकळे पायरीपायरीने मागे सरकवत रचलेले, लोखंडी कड्यांनी जखडलेले, सांध्यात चिकट तांदळाची खळ घातलेला चुना. त्यावर लोखंडी बैल बसवले आहेत. बैल भूमितत्त्वाचा आणि भूमी पाण्याला जिंकते, असा हिशेब. सध्याचे बैल नव्याने ओतलेले.

लाट गेली की टॅक्सीने लाओयानछांगला जायचा मोह होतो. तिथे नदीत आडवा घातलेल्या बांधावर आपटून ती उलटी फिरते आणि काठावर झेपावते. तमाशा मोठा, पण माणसे वाहून जातात ती अशाच ठिकाणी. कठड्याच्या आत राहा. ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूवर किंवा आडव्या धक्क्यांवर कधीही उतरू नका. रेघ लांब दिसते, पण धावून बांध चढायला तेवढा वेळ मिळत नाही.

पाचवा दिवस: शाओशिंग, यूची समाधी

हांगझोऊची मेट्रो गूनियांगछ्याओ स्थानकावर शाओशिंगच्या मेट्रोला जोडलेली आहे. घाई असेल तर वेगवान गाडीने शाओशिंग उत्तर, पण तिथून गाव लांब पडते.

ह्वेजी डोंगराच्या पायथ्याशी ‘महान यू’ची समाधी. महापूर आला तेव्हा आधी त्याच्या बापाला, गुनला, काम दिले होते. गुनने देवाकडची आपोआप वाढणारी माती चोरली आणि बांधच बांध घातले. पाणी चढले, बांध फुटले, गुनला मृत्युदंड झाला. तीन वर्षे प्रेत कुजले नाही. पोट चिरले तेव्हा त्यातून यू निघाला. यूने अडवणे सोडले आणि खोदणे धरले: नद्यांना समुद्रापर्यंत वाट करून दिली. तेरा वर्षे लागली. तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, आत गेला नाही. चिनी शाळेत ही कर्तव्यनिष्ठेची गोष्ट म्हणून शिकवतात.

एक भाग मात्र शाळेत वगळतात. डोंगर फोडताना यू अस्वलाचे रूप घेई. जेवण घेऊन आलेल्या गरोदर बायकोने ते पाहिले, ती पळाली आणि तिची शिळा झाली. मागून यू ओरडला: माझा मुलगा दे. शिळा फुटली आणि मूल बाहेर आले. दारावरून तीनदा पुढे गेलेल्या माणसाच्या घरात काय घडत असेल, ते या कथेने सांगून टाकले आहे.

आवारात भोक पाडलेला एक जुना उभा दगड आहे. शवपेटी खाली सोडताना दोर त्यातून ओवला, असे मानतात. २० एप्रिलच्या सुमारास इथे सरकारी इतमामाने पूजा होते आणि यूचे वंशज म्हणवणारे स घराणे शेजारच्या गावात राहते. डोंगरावरच्या मोठ्या पुतळ्यापर्यंत पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच पाहा.

दुपारी गावातल्या फूशान टेकडीवर. कालच्या कथेतला तो जिवंत सुटलेला युए राजा गोउ ज्येन इथला. गवताच्या काड्यांवर झोपायचा, रोज पित्ताशय चाटायचा, अपमान विसरू नये म्हणून. सूड पुरा झाल्यावर त्याने आपल्या प्रधानाला, वन झोंगला, तशीच तलवार धाडली. सहकारी फान ली आधीच सटकला होता आणि त्याने पत्र लिहून बजावले होते: पक्षी संपले की धनुष्य माळ्यावर जाते, ससे संपले की शिकारी कुत्रा शिजतो. वन झोंगची समाधी या टेकडीवर आहे. लोक सांगतात, वर्षभराने वू झशू लाट घेऊन आला, टेकडी फोडली आणि आपल्या या जुन्या शत्रूला सोबत घेऊन गेला. म्हणून भरतीत पुढची लाट वू झशूची आणि मागची वन झोंगची. काल काठावर मागची लाट न पाहता परत फिरणाऱ्यांनी तेवढी गाठ चुकवली.

सहावा दिवस: झेंजियांग आणि खेकड्यातला भिक्षू

हांगझोऊहून झेंजियांगला गाडीनुसार दोन-अडीच तास लागतात. ‘झेंजियांग’ हे स्थानक गावात आणि जिनशान मंदिराला जवळ आहे. ‘झेंजियांग दक्षिण’ लांब. तिकीट काढताना नीट पाहा.

फाहायने शू शियानला याच मंदिरात अडकवले होते आणि नवरा परत मिळावा म्हणून नागिणीने यांगत्सेचे पाणी डोंगरावर चढवले. आज जिनशानला चालत जाता येते, मग पूर कुठला? एकोणिसाव्या शतकापर्यंत हे नदीतले बेट होते. गाळ साचत गेला आणि ते दक्षिण काठाला चिकटले. त्या पुरात काठची निरपराध माणसे बुडाली. नागिणीचा अपराध तोच, आणि नंतरच्या आवृत्त्याही तो लपवत नाहीत. ती गरोदर होती, कळा सुरू झाल्या आणि ती हरली.

डोंगर इमारतींनी असा मढवला आहे की खडक शोधावा लागतो. वर फाहायची गुहा आहे आणि आत त्याची मूर्ती. लोक तिला नमस्कार करतात. हांगझोऊत ज्याच्या नावाने बोटे मोडतात तो इथे मंदिराचा पुनरुद्धार करणारा सत्पुरुष आहे: थांग काळातल्या (सातवे ते दहावे शतक) प्रधानाचा मुलगा, पडक्या जागी राहिला, खणताना सोने सापडले ते त्याने सरकारजमा केले आणि त्यावरून डोंगराला ‘सोन्याचा’ हे नाव मिळाले. खाली पांढऱ्या ड्रॅगनच्या गुहेत दोघी नागिणींच्या मूर्ती आहेत. ही वाट थेट तुटक्या पुलाशी निघते आणि तिच्यातून शू शियान पळाला, असे सांगतात. एकाच डोंगरावर दोन्ही पक्षांची ठाणी.

जेवणाला खेकडा. चिनी लेखक लू शुनने लेफंग पडल्यावर १९२४ मध्येच लिहिलेल्या लेखात ही गोष्ट दिली आहे: फाहायच्या उपद्व्यापावर स्वर्गाचा राजा रागावला, फाहाय पळाला आणि खेकड्याच्या कवचात लपला, तो अजून तिथेच आहे. त्याला पाहण्याची रीत अशी. वाफवलेला केसाळ खेकडा उताणा धरा, पोटाची झडप काढा, कवच उचला. बाजूचे पिसासारखे कल्ले टाकून द्या. कवचातला केशरी गर आधी चमच्याने संपवा. तोंडाच्या बाजूला शंकूसारखी पातळ पिशवी दिसेल. ते पोट आहे, खायचे नाही. तळाशी बारीक सुरीने अलगद कापून पिशवी बाहेर घ्या आणि उलटी करा. फाटली नाही तर डोके, चेहरा, मांडी घातलेले अंग, असा बसलेला भिक्षू दिसतो. बहुतेकांची फाटते, कारण ते बोटाने ओढतात.

आठव्या महिन्याच्या अखेरीस हंगाम नुकता लागलेला असतो. माद्या नवव्या महिन्यात भरतात, नर दहाव्यात. आता घ्यायचीच तर गोल झडपेची मादी. खेकडा जिवंत आहे हे पाहूनच वाफवायला सांगा, मेलेल्यात विष फार लवकर तयार होते. सोबत आल्याचे बारीक तुकडे आणि इथलाच काळा तांदळाचा व्हिनेगर. तो गावभर मिळतो. विमानात बाटली चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून.